ठंडा आणि गरम

जुन्या डायरीत परवा चिकटपट्टीचे दोन तुकडे सापडले. त्यांवर माझ्याच अक्षरात ‘ठंडा’ आणि ‘गरम’ लिहिलेलं. दुबईपलीकडच्या रास अल खैमातल्या एका व्हिलात सेंट्रल एसी हिवाळ्यात गरम हवा देईना, म्हणून मी, सुपरवायझर, थर्मोस्टॅट उघडून दोन वायरींना या पट्ट्या लावल्या होत्या. एक गार हवेची, दुसरी गरम हवेची. पण आमच्या इलेक्ट्रिशियनच्या बोलीत ठंडा म्हणजे न्यूट्रल आणि गरम म्हणजे करंटची वायर. त्याने विचारलंही, “साहब, ये ठंडा मतलब अपना वाला ठंडा ना?” मी फोनवर होतो. “हां हां, यल्ला, चलो जल्दी,” म्हणालो. त्याने ‘ठंडा’ न्यूट्रलला आणि ‘गरम’ करंटला जोडली. स्विच टाकताच कंट्रोल बोर्ड जळाला, हॉलभर जळक्या प्लॅस्टिकचा वास पसरला. मॅनेजरने दरडावलं तेव्हा तो म्हणाला, “साहब से पूछ के जोड़ा.” मी म्हणालो, “मुझसे नहीं पूछा,” आणि पट्ट्या गुपचूप खिशात घातल्या. आठवड्याभरात त्याची नोकरी गेली, त्याला गावी परत पाठवलं. माझा मुलगा म्हणतो, “बाबा, लेट इट गो.” नाही सोडणार. त्या इलेक्ट्रिशियनने मला विचारलं होतं आणि मी हो म्हणालो होतो. ज्यांना अजूनही मला सरळ माणूस म्हणायचंय, त्यांनी हे वाचून मग म्हणावं.