बाजेची दोरी

व्हायोलिनची तार पिळता पिळता तुटली, असं तू काल फोनवर सांगितलंस आणि मला तुझ्या आजोबांनी विणलेली बाज आठवली. तुम्हा दोघा भावंडांना ती ठाऊक नाही, म्हणून लिहिते.

तुमची आई पहिल्या बाळंतपणाला माहेरी, जवळा बाजारला आली तेव्हा कापूस वेचणीचे दिवस होते. रस्त्यानं भरलेल्या गाड्या जायच्या. वर उभी राहून माणसं कापूस तुडवत, दाबत असायची. तरी चुकार पुंजके सुटायचेच. दुपारभर ते आमच्या अंगणात तरंगत, आणि त्यांच्यात बसून आजोबा बाज विणत.

आमच्याकडे बाळंतिणीची बाज नव्यानं विणतात. खाली निखाऱ्यांची शेगडी ठेवून तिची पाठ शेकायची असते. वीण सैल पडली तर पाठ झोळीसारखी निखाऱ्यांकडे उतरते. आजोबांनी अंबाडीची दोरी आणली, भिजवली, आणि लाकडाला पाय लावून ओढायला बसले. प्रत्येक ओढीनंतर दोरी बोटानं छेडून कान लावायचे.

"अहो, बाज आहे की एकतारी?" मी म्हणाले.

"हसा. लेकराची पाठ हाय ती."

त्यांचा हातच तसा. लोणच्याच्या बरणीवर त्यांनी फडकं बांधलं की मला गाठ दातांनी सोडवावी लागे.

बाज होत आली आणि तुमच्या आईच्या हातांना सूज चढली. ओटीभरणाला कासारानं हिरव्या बांगड्या मुद्दाम अंगासरशा भरल्या होत्या, सैल बांगडी लवकर आपटते म्हणून. आता त्याच मनगटात रुतल्या. साबणानंही निघेनात. शेवटी फडकं गुंडाळून मी एकेक वाढवली. बांगडी फुटली असं आपण म्हणत नाही. मनगटावर लाल वळी उरली, बराच वेळ.

हिंगोलीच्या डॉक्टरीणबाईंनी तिच्या दंडाला पट्टा गुंडाळून हवा भरली. पारा चढत गेला. आम्ही दोघं भिंतीशी उभे, श्वास धरून.

"रक्तदाब फार वाढलाय. हिला इथंच ठेवा. आईला धोका आहे, बाळालाही."

मी दवाखान्यात राहिले. जनावरांसाठी आजोबांना रोज घरी जावं लागे. एकदा शेजारीण डबा घेऊन आली आणि माझ्या कानाशी म्हणाली, "बाई, तुमचे मालक बाज आवळून राहिले की. सकाळी आवळतेत, सांजच्याला आवळतेत. लाकूड कण्हाया लागलं आता."

मी डबा घेऊन उशाशी ठेवला. खिडकीबाहेरच्या लिंबाची पानं हलत होती. ती हलतात तोवर सगळं ठीक आहे, असं मी मनाशी धरून बसले होते.

मग तू झालीस. इवलीशी, पण रडलीस खणखणीत. तुझ्या आईचा रक्तदाब मात्र हळूहळू उतरला. घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी बजावलं, शेकबिक काही नको, नुसती झोप हवी.

घरी आल्यावर शेजारीण लांब फडकं घेऊन तिचं पोट बांधायला आली.

"हळू हो काकू, श्वास तरी घेऊ द्या!"

"आवळू दे पोरी. न्हाईतर पोट सुटतंय, मग मला बोल लावशील."

तिला बाजेवर निजवलं. तुला कुशीत दिलं. तिनं कूस बदलली आणि डोळे मिटून घेतले, पण झोपेनं नव्हे.

"आबा, ही बाज हाय का फळी? टाके ठणकून राहिले."

आजोबा तयार ठेवलेली शेगडी उचलून बाहेर ठेवून आले. मग बाजेच्या पायथ्याशी बसले आणि ताणाच्या दोरीची गाठ सोडू लागले. ती सुटेना. त्यांचीच गाठ. मी काही म्हणायच्या आत त्यांनी खाली वाकून ती दातांत धरली.

दोरी बोटभर सैल झाली. "आता?"

"अजून थोडी."

पुन्हा बोटभर. "आता बराबर हाय?"

उत्तर आलं नाही. दारातून कापसाचा एक पुंजका आत आला आणि कुठं टेकावं ते न ठरवता फिरत राहिला. ती झोपली होती, तूही. मी खुणेनं म्हटलं, गाठ मारा आता. त्यांनी नाही म्हणून मान हलवली. गाठ मारताना बाज हलली असती. दोरीचं टोक हातात धरून ते तसेच बसून राहिले, उन्हं उतरेपर्यंत.