दगडावरचा ल

पाथरवटाने दगडावरचं पोतं ओढलं आणि चर्चच्या सचिवांच्या तोंडचं पाणीच पळालं.

"अहो, हे काय करून ठेवलंत? 'आमचे प्रिय पालक'? चर्चचे पाळक होते ते! ळ! बाळातला ळ!"

"फोनवर तुम्ही सांगितलंत, मी कोरलं. तुमचा ळ माझ्या कानापर्यंत येता येता ल झाला, त्याला मी काय करू?"

"मग पुसा."

"पाटी आहे का ती, थुंकी लावून पुसायला? दुसरा दगड घ्यावा लागेल."

मागे उभ्या असलेल्या टाचणीला आधी हसू फुटलं, मग डोळेच भरून आले. तिचं शिवणकामाचं दुकान. तोंडात सदा टाचण्या, म्हणून पाळकांनीच हे नाव ठेवलेलं. ते गेल्यावर आज त्यांच्या बायकोला, काकूंना, हाताला धरून ती कबरीचा दगड बघायला आली होती. आता पाथरवट दुसऱ्या दगडाचं म्हणाला आणि तिने पुढे होऊन त्या 'ल'वर हात ठेवला. हा शब्द तिचा होता.

आई गेली तेव्हा ती तिसरीत होती. बापाचा पत्ता नव्हता, मावशी दिवसभर गिरणीत. बाईंनी वर्गात बजावलं, "उद्या पालकांना आणल्याशिवाय बसायचं नाही." पोरीने ऐकलं, तसं केलं. दुसऱ्या दिवशी पाळकांचं बोट धरून हजर!

बाईंनी कपाळावर हात मारला. "अगं, पालक म्हटलं होतं मी, पाळक नव्हे!"

"एका अक्षराचाच फरक आहे ना, बाई?" पाळक म्हणाले. "तेवढा मी भरून काढतो."

आणि काढला. दर पालकसभेला बाकावर गुडघे दुमडून बसायचे, गणितात काठावर पास झाली की घरापर्यंत कान धरून आणायचे. गिरणी बंद पडली तेव्हा प्रार्थनागृहाच्या मागच्या खोलीत त्यांनी शिवणयंत्रं मांडली. टाचणी तिथेच शिकली, मावशीही शिकली, मावशीच्या मैत्रिणीही. मग रविवारी उपासनेहून घरी जाणाऱ्यांच्या पाठीला बाकांवर उडून आलेले रंगीबेरंगी दोरे! कुणी कुरकुरलं की पाळक म्हणत, "असू द्या. रिकाम्या हाताने तर गेला नाहीत!" गाणं मात्र इतकं बेसूर, की पेटीवाल्याने एकदा हात जोडले, "तुम्ही मनातल्या मनात म्हणा, देवाला पोचेल."

"लोक हसतील हो काकू," सचिव म्हणत होते. "एवढा मोठा माणूस, आणि दगडावर चूक?"

काकूंनी चष्मा पुसून दगड पुन्हा वाचला. "माझे ते पाळकही नव्हते आणि पालकही नव्हते. नवरा होते, रोज भाजीत मीठ कमी म्हणणारे. मला कशाला विचारता? हिला विचारा."

सगळे टाचणीकडे वळले. सचिवांसमोर 'बाही किती ठेवू?' यापलीकडे ती आजवर बोलली नव्हती.

"ठेवा," ती म्हणाली. "हाच ठेवा, साहेब. पाळक तर ते सगळ्यांचे होते, ते कुणाला वाचून कळायला नको. पण माझे पालक होते, हे कुठेच लिहिलेलं नाही."

पाथरवट उगाच छिन्नीची धार बघू लागला. सचिव दगडाभोवती एक फेरी मारून आले.

"आमच्या थोरल्याचं ऑपरेशन झालं," ते हळूच म्हणाले, "तेव्हा मी दौऱ्यावर होतो. बाहेर रात्रभर तेच बसले होते. डॉक्टर त्यांनाच म्हणाले होते, 'तुमचा मुलगा बरा आहे.' त्यांनीही दुरुस्त केलं नाही."

"मला सांगितलं होतं त्यांनी," काकू म्हणाल्या. "काय खूश होते!"

मग सचिव पाथरवटावरच डाफरले, "बघत काय बसलात? गाडीवाल्याला म्हणावं, सावकाश ने. कोपरा उडाला, तर असा दुसरा मिळायचा नाही."