वल्ह्यांचा पट्टा

पावसाळ्याआधी होडी वर ओढली की आगर गावचा एक मच्छीमार डहाणूच्या माझ्या चामड्याच्या दुकानात येतो. दोन वल्ही एकत्र बांधून माळ्यावर ठेवायला त्याला पट्टा लागतो. आधी वास घेतो, मग डोळे मिटून एका हाताने सोडून बघतो.

"बघतो ताई, बघतो. एका ओढीत सुटला पाहिजे. मासेमारीची बंदी उठली की धाकट्याला दम धरवत नाही."

दुसरं वल्हं त्या धाकट्या भावाचं.

यंदा भाऊ दर्यातून परत आला नाही. मी नेहमीचा पट्टा काढून ठेवला होता. त्याने हातही लावला नाही.

"बकलाचा द्या. घट्ट."

"सोडायला वेळ लागतो त्याला."

"लागू दे ताई, लागू दे. आता घाई कोणाला आहे?"