कानसेनांची ढिली कडी

समुद्राच्या तळाशी कोण काय बोलतं, हे ऐकण्याचा कुणी पगार देतं, असं लग्नाआधी सांगितलं असतं तर बायकोने कानसेनांना वेड्यातच काढलं असतं. आता ती येईल त्याला सांगते, "ह्यांना मैलभर खोल पाण्यातला मासा ऐकू येतो, मी शेजारच्या खोलीतून मारलेली हाक नाही."

कानसेन हे नाव कचेरीने ठेवलेलं. खोल पाण्यात दोराला बांधलेला माइक, त्याची तार थेट कचेरीत, आणि हेडफोन लावून बसलेले कानसेन. हा देवमासा, ही बोट, हा लांबचा भूकंप, असं ते निवडत बसायचे. एकदा नवाच आवाज आला. टक-टक... टक. आठवडाभर तोच. कुणाच्या ओळखीचा नाही! साहेबीणबाईंनी हर्षाने चार ठिकाणी कळवून टाकलं. प्राण्याला नावही कानसेनांचंच द्यायचं ठरलं. स्वारीचे पाय जमिनीला लागेनात.

अशात सुट्टीच्या दिवशी ते बाल्कनीत बसले होते. कपड्यांच्या दोरीची कडी कधीपासून ढिली. बायको सांगून थकलेली. वारा आला. टक-टक... टक.

कानसेन ताडकन उठले. माइकच्या दोराची कडी बोटीवर त्यांनीच लावली होती. बोल्ट पिळला की त्यातून बारीक तार ओवायची, म्हणजे तो फिरत नाही. पण पहिला आवाज ऐकायच्या घाईत तार राहिली ती राहिलीच. गप्प बसावं तर नाव राहील, पण माइक एक दिवस कायमचा जाईल. मेल्याहून मेल्यासारखं झालं बिचाऱ्यांना.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सांगून टाकलं, "बाई, तो प्राणी नाही. माझी ढिली कडी आहे."

बाईंनी बोट पाठवली, आणि स्वतःही गेल्या. बोल्ट शेवटच्या आट्यावर आला होता. तार बाईंनी आपल्या हाताने ओवली, माइक पुन्हा खाली सोडला आणि कानसेनांशी बोलणं टाकलं. कचेरीत जो तो येता-जाता त्यांच्या टेबलावर टकटक करून जाई.

दोन दिवस तळ शांत होता. मग हेडफोनमध्ये आलं, टक-टक... टक. कानसेनांना वाटलं, कडी पुन्हा ढिली झाली. पण हा आवाज कधी जवळून येत होता, कधी लांबून, आणि कडी काही फिरायला जात नाही. त्यांनी जुनं रेकॉर्डिंग पुन्हा लावलं. प्रत्येक टकटकीमागून, अगदी हळू, दुसरी टकटक होतीच.

ते हेडफोन घेऊन बाईंच्या खोलीत गेले.

"बाई, आपली कडी गप्प झाली ना," ते म्हणाले, "तर कुणीतरी तिला शोधतंय."

बाईंनी हेडफोन कानाला लावला आणि त्यांना बसायला खुर्ची दिली.