गोरखचा कॉम्प्युटर आणि माधुरीचं सारवण

गोरखला माधुरी पसंत पडली ती पोह्यांची बशी रिकामी व्हायच्या आत. त्यानंतर कुठलीच गोष्ट त्याला इतक्या झटक्यात पसंत पडलेली भोरच्या बाजारात कुणी पाहिली नाही. चप्पल घ्यायला निघाला तर सगळी दुकानं पालथी घालतो आणि जुनीच शिवून आणतो.

म्हणून कॉम्प्युटरचा प्रोसेसर थंड राहावा म्हणून लावतात ती थर्मल पेस्ट घ्यायला तो शेफालीच्या कॉम्प्युटरच्या दुकानात आला, तेव्हा तिनं आधी खुर्ची पुढं केली.

प्रकरण तसं नाजूक होतं. एसटी स्टँडजवळ गोरखचं लग्नपत्रिका नि फ्लेक्सचं दुकान. तिथला कॉम्प्युटर त्यानं स्वतः सुटे भाग आणून जोडलेला. त्यावर केलेली पहिली पत्रिका त्याच्याच लग्नाची. हल्ली हा कॉम्प्युटर तापून मधेच बंद पडायचा. सकाळीच माधुरीनं बजावलं होतं, "आज परत बंद पडला तर भंगारात. मग तुमी रुसा न्हाईतर फुगा."

शेफालीनं तीन ट्यूब मांडल्या. "ही पांढरी, स्वस्तातली, लवकर वाळते. ही करडी, रोजच्या कामाला. आणि ही पातळ धातूची, गेम खेळणारी पोरं नेतात."

गोरखचा हात अर्थातच तिसरीकडं गेला.

"प्रोसेसरवरचा, उष्णता ओढून घेणारा ठोकळा कशाचा आहे तुमचा?"

"ॲल्युमिनियमचा."

"मग ठेवा खाली. ही ॲल्युमिनियम खाते."

करडी ठरली. तरी त्यानं विचारलंच, "वाळल्यावर रंग कसा दिसतो?"

"आत कोण बघायला जाणार आहे, गोरखभाऊ?"

आपल्या दुकानात येऊन त्यानं पंखा उतरवला, ठोकळा काढला आणि जुन्या वाळक्या थरावर नवी पेस्ट बोटानं झकास ओढली. सगळं जोडून कामथडीच्या जत्रेचा फ्लेक्स उघडला. देवळाचा कळस जागेवर बसतोय न बसतोय, तोच पडदा काळा.

नेमकी तेव्हाच माधुरी डबा घेऊन आली. गोरख गुमान वायरी गुंडाळायला लागला. ते मात्र तिला बघवेना.

"उघडा बरं जरा."

उघडलं. ती वाकली. "अवो, हे खालचं पोपडं कसलं?"

"जुनी पेस्ट. सारवताना आधीचं कोण काढतं?"

"पोपडं आल्यावर खरवडायलाच लागतं! न्हाईतर वरचं धरंल व्हय? माझ्या माहेरी असं सारवलं असतं, तर आईनं परत खाली बसवलं असतं."

तिनं स्पिरिटनं भिजवलेल्या सुती फडक्यानं दोन्ही बाजू चकचकीत पुसल्या. मग गोरखनं मधोमध वाटाण्याएवढी पेस्ट ठेवली आणि ठोकळा घट्ट बसवला.

संध्याकाळपर्यंत कळस, पालखी आणि शुभेच्छुकांची अख्खी पलटण फ्लेक्सवर मावली. कॉम्प्युटर हूं की चूं नाही.

"बघ, मी म्हणलं नव्हतं?"

"काय म्हणला हुता?"

गोरखनं आठवून पाहिलं. "म्हणायचं राहिलं."

तेवढ्यात बाहेर भंगारवाल्याचा टेम्पो थांबला. माधुरीनंच सकाळी निरोप धाडला होता. ती दारात गेली.

"कॉम्प्युटर न्हाई द्यायचा आता," ती म्हणाली. "चपला घेत असाल तर सांगा."

गोरखनं पाय हळूच टेबलाखाली ओढून घेतले.