झाकलेला भात

जवाहरनगरच्या फॅक्टरी क्वार्टरमध्ये वाढलेली मी ऐंशी सालानंतर लग्न होऊन पवनीजवळच्या एका खेड्यात आले. माहेरी चार माणसांचा भात कुकरमध्ये व्हायचा. इथे रोवण्याच्या, म्हणजे धानलावणीच्या, शेवटच्या दिवशी सगळ्या बायांना घरचं जेवण. भात शिजवायचा गंज एवढा मोठा की त्यात मी बसले असते.

सासूबाईंच्या देखरेखीखाली मी सकाळीच भात शिजवला. गरम राहावा म्हणून त्यांनी तो टोपलीत उपसला, वर धोतर टाकलं, त्यावर पोती दाबली. बाया चिखलातून आल्या तेव्हा दुपार कलली होती, तरी भात कोमट होता. सासूबाई खूश. नवी सून शेवटी जेवते; माझी पाळी येईपर्यंत टोपली रिकामी. मी मुरमुरे चावले आणि मनातल्या मनात सगळ्यांचा उद्धार केला.

दिवेलागणीपर्यंत घरादारात उलट्या सुरू झाल्या. सासू-सासरे, नवरा, बाया, सगळे आडवे. धडधाकट एकटी मी. पाणी देत, घाण निपटत धावत होते, तेवढ्यात सासरे नवऱ्याला म्हणाले, "इले काहून काही झालं नाही? काय कालवलं इनं? सकाळी इले बापाच्या घरी पोचवून दे."

नवरा भिंतीकडे कूस वळवून पडला. त्या वळवलेल्या पाठीचा राग मला अजून येतो.

आरोग्य केंद्रातला तरुण डॉक्टर सायकलवर आला. भात कधीचा, ते विचारून म्हणाला, "तांदळातला एक जंतू शिजवूनही मरत नाही. भात उबेत झाकून ठेवला की तो वाढतो, विष सोडतो." त्याचं इंग्रजी नावही सांगितलं, ते कोणाच्या डोक्यात शिरलं नाही. "झाकला कोणी?"

मी मान खाली घातली. सासूबाईंचं नाव घेऊन या घरात राहणार कशी होते?

"मीनं झाकला जी," खाटेवरून सासूबाईंचा क्षीण आवाज आला. "पोरीचा दोष नाही."

सकाळी सगळे सावरले, पण माझ्या हातचं खायला कोणी तयार होईना. शेजारची काकू भाकरी घेऊन आली. सासूबाईंनी तिला परत पाठवलं आणि भिंत धरत चुलीपाशी येऊन बसल्या.

"माय, भात मांड. पयले मले वाढ."

मी वरणभात करून त्यांना वाढला. सासरे दारात उभे. सासूबाईंनी वरणभाताचा घास सावकाश गिळला आणि त्यांच्याकडे बघून म्हणाल्या, "मीठ कमी हाये. शिकन हळूहळू. इथंच."