तिथे बघण्यासारखं काय आहे?

किस्से कोणी जमवत नाही हो, ते साचतात. आमचं ऑफिस कळंबोलीत, स्टील मार्केटच्या अलीकडे. सकाळी टेबल पुसावं तर दुपारपर्यंत ट्रकांची धूळ पुन्हा जशीच्या तशी. किस्स्यांचंही तेच. एक सांगून हसून होतोय तोवर फोन वाजतो आणि दुसरा हजर!

आमचा धंदा म्हणजे एक गाडी. कागदोपत्री ती कॅराव्हॅन, आमचे शेठ तिला घरगाडी म्हणतात. आत झोपायला बर्थ, छोटासा ओटा, फ्रिज, टॉयलेट, सगळं. शेठ म्हणजे गजाननशेठ, पनवेलजवळच्या गावातले आगरी. जमीन प्रकल्पात गेली तेव्हा त्यांनी ट्रक घेतले. मग एक दिवस मोबाईलवर परदेशातली अशी गाडी पाहिली आणि कळंबोलीच्याच एका गॅरेजमधून हुबेहूब बांधून घेतली. गाडी चालवतात इकबालभाई. त्यांचं अर्धं आयुष्य ट्रकवर गेलंय, त्यामुळे घाबरणं वगैरे त्यांना माहीत नाही. आणि तिसरी मी, मेधा. माझं काम थांबे ठरवायचं. गाडी कुठे थांबवली म्हणजे माणसं खूश होतील, ते मी सांगायचं. दिवसभर कानावर एकच प्रश्न पडतो, "मॅडम, तिथे बघण्यासारखं काय आहे?"

सुरुवातीला मला वाटायचं, मला उत्तर माहीत आहे!

*

पहिलंच बुकिंग मे महिन्यातलं. नवीन पनवेलचं एक कुटुंब, आजोबांपासून नातवंडांपर्यंत सगळे. मी इंटरनेटवर बसून माळशेजच्या बाजूचा एक धबधबा शोधला. काय फोटो होता! वरून दुधासारखं पाणी कोसळतंय, खाली धुकं, सगळीकडे हिरवंगार. प्लॅनमध्ये पहिला थांबा तोच टाकला.

दुपारी बाराच्या उन्हात घरच्या कर्त्या पुरुषाचा फोन. आवाज शांत होता, म्हणजे प्रकरण गंभीर.

"मॅडम, धबधबा नक्की कुठल्या बाजूला आहे?"

मी घाईघाईने प्लॅन पुन्हा उघडला. म्हटलं, "जरा इकबालभाईंना फोन द्या." इकबालभाई आले. मी हळूच विचारलं, "भाई, जागा चुकली का हो?"

"नाही मॅडम, धबधबा आपल्या जागेवर आहे. पाणी तेवढं रजेवर आहे!"

फोटो ऑगस्टमधला होता हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. नशीब, आजोबांना तिथल्या काळ्या कातळावर रांजणासारखे खड्डे सापडले. ते पाण्याने कसे घडतात हे नातवंडांना समजावण्यात त्यांची दुपार गेली. नाहीतर माझी नोकरी गेली असती. खरंच गेली असती, कारण तेव्हा शेठचे भाऊ त्यांच्या मागेच लागले होते, "बर्थ काढ, शीटा टाक, गाडी लग्नाच्या वऱ्हाडाला लाव. घर घेऊन कोन फिरतंय?"

संध्याकाळी शेठनी मला बोलावलं. मी मान खाली घालून उभी.

"फोटू बघून जागा ठरवलीस?"

"हो."

"अगं, फोटूवर लोक पोरगी पन पसंत करत नाय! जाऊन बघून येतात. उद्यापासून तू पन जाऊन बघायचं!"

तेव्हापासून मी स्वतः न पाहिलेली जागा कोणाला सांगत नाही.

*

यानंतर शेठनी ठरवलं, एक ट्रिप घरच्यांची काढायची. म्हणजे गाडीत काय कमी आहे ते कळेल. शेठ, शेठाणी, मुलगा, सून आणि अभ्यासासाठी मी. थांबे मी जिवाचं रान करून ठरवलेले. अलिबागकडून खाली उतरायचं, किनाऱ्याकिनाऱ्याने मुरूडपर्यंत. सूर्यास्त कुठून चांगला दिसतो, ओहोटी कधी, सगळं बघून.

निघायच्या आधी शेठ मोठ्या अभिमानाने शेठाणींना गाडी दाखवायला लागले. "हा बघ सोपा. याचा रात्री बेड होतो. हा फ्रिज. आनि हा बघ, तुझ्यासाठी खास, ओटा! शेगडी पन हाय!"

शेठाणींनी ओट्यावरून हात फिरवला. शेगडी बघितली. वरचं कपाट उघडून डबे बघितले. मग शेठकडे बघितलं.

"म्हंजे हितं पन मीच शिजवायचं? मंग फिरायला कोन चाललंय?"

शेठनी हळूच कपाटाचं दार लावलं! सूनबाई खिडकीकडे तोंड करून हसत होती, तिचे खांदे हलताना मी बघितले.

त्या ट्रिपमध्ये ओट्यावर फक्त चहा झाला, तोही शेठनी केला. सूर्यास्त छान होता, पण शेठाणी आजही सांगतात ते रेवदंड्याजवळच्या एका घरगुती खानावळीबद्दल. तिथे त्यांना कोणीतरी पाटावर बसवून गरम भाकरी वाढली होती. तेव्हापासून माझ्या प्लॅनमध्ये जेवणाचा थांबा आधी ठरतो, देखावा नंतर!

*

खारघरचं एक तरुण जोडपं आलं. दोघंही आयटीमध्ये. त्यांची एकच अट होती, "मॅडम, गर्दी नको. एकदम अनएक्सप्लोर्ड पाहिजे. जिथे कोणीच जात नाही असं."

माझ्याकडे अशी एक जागा होती. भोरच्या पुढे धरणाच्या पाण्याकाठी एक लहान गाव. मी दोनदा गेले होते, दोन्ही वेळा पाणकावळे सोडून कोणी दिसलं नव्हतं. म्हटलं, जा बिनधास्त.

सकाळी ते पोचले. शांतता, पाणी, पक्षी. त्यांनी खुर्च्या बाहेर टाकल्या, पुस्तकं काढली. मला मेसेज आला, "परफेक्ट!"

तासाभराने एक म्हशीवाला आला. गाडीभोवती फेरी मारली आणि निघून गेला. त्याने गावात जाऊन काय सांगितलं देव जाणे! थोड्या वेळाने पोरं आली. मग पोरांना शोधत आया आल्या. मग सरपंच नारळ घेऊन आले, कारण गावात नवीन गाडी आली की नारळ फोडतात म्हणे! बायकांनी चपला बाहेर काढून, रांग लावून आतून गाडी बघितली. एक आजी टॉयलेटचं दार उघडून बघत म्हणाल्या, "आत्ता गं बया! माणसाच्या मागं मागं फिरतोय व्हय हा?"

दुपारी जोडप्यातल्या मुलीचा फोन आला. मी आधीच माफीची तयारी करून ठेवली होती.

"मॅडम, तुम्ही अनएक्सप्लोर्ड म्हणालात ते खरं होतं."

"म्हणजे?"

"आज सकाळपासून गावाने आम्हाला एक्सप्लोर केलं!"

मागून कोणीतरी ओरडत होतं, "ताई, पिठलं गार होतंय!" तिने फोन ठेवला. माझी माफी मागायची राहूनच गेली. दोघं तिथून एक दिवस उशिरा निघाले.

*

उरणजवळच्या करंज्याहून दोन भाऊ आईला घेऊन आले. कोळी. स्वतःची बोट. त्यांची आई हिराबाई, आयुष्यभर डोक्यावर पाटी घेऊन मासळी विकलेली. "आता तिला आराम द्यायचाय," थोरला म्हणाला. मी आपली सवयीने म्हटलं, "दापोलीचा किनारा सुंदर आहे."

हिराबाई खुर्चीतून पुढे वाकल्या. "बाय, समुद्र आमी रोज बगतंव. मला अशा जागी ने, जितं पानीच दिसनार नाय!"

मी त्यांना वाई-पाचगणी दिलं. डोंगर, पठार, थंड हवा. दुसऱ्या दिवशी दुपारी पाचगणीच्या पठारावर असायला हवे होते, म्हणून मी इकबालभाईंना फोन केला.

"पोचलात?"

"नाही मॅडम. वाईच्या अलीकडे आहोत. बाजारात."

"बाजारात? काय घेताय?"

"घेत नाही. विकतोय."

झालं असं की रस्त्यात एका गावाचा आठवडी बाजार लागला. हिराबाई म्हणाल्या, जरा पाय मोकळे करते. बाजाराच्या टोकाला एक तरुण बाई नदीची मासळी घेऊन बसली होती. सगळा बाजार हलत होता, तिची पाटी मात्र भरलेली. कोणी आलं की ती खाली बघत पुटपुटत भाव सांगायची आणि गिऱ्हाईक पुढे जायचं. हिराबाईंनी थोडा वेळ हे बघितलं. मग त्यांना राहवेना.

"अगं, इतकी हलू बोलशील तर मासली तरी ऐकंल का तुजं? सरक!"

आणि बसल्या की तिच्या शेजारी मांडी घालून! मुलगे म्हणतात, "आई, चल, डोंगर बघायचाय." आईचं लक्षच नाही. करंज्याच्या जेटीवर घुमणारा तो आवाज त्या बाजारात घुमायला लागला, तशी माणसं कोथिंबीर टाकून मासळीकडे वळली! हिराबाईंना नदीची मासळी आवडत नाही, त्यांनी ती कधी खाल्लेलीही नाही. पण त्या इतक्या प्रेमाने तिचे गुण सांगत होत्या की शेवटी इकबालभाईंनीही घेतली!

ती तरुण बाई आधी गोंधळली, मग हसली आणि शेवटी शेवटी स्वतःच मोठ्याने ओरडायला लागली. पाटी रिकामी झाली तेव्हा हिराबाई लुगडं झटकत उठल्या, गाडीत चढल्या आणि मुलांना म्हणाल्या,

"चला, आता दाकवा कुटं तुमचा डोंगर. बोहनी झाल्याबिगर मला काय बगवत नाय!"

*

हा किस्सा हसण्याचा आहे की नाही, मला अजून कळलेलं नाही.

पनवेलचे एक गृहस्थ आले, दुकानदार. मुलगी शिकायला जर्मनीला चालली होती. म्हणाले, "मॅडम, असा स्पॉट द्या जिथे मोबाईलला नेटवर्क नाही. घरी ती तिच्या फोनमध्ये, मी माझ्या. जायच्या आधी जरा बोलायचंय."

नेटवर्क येईल का, हे विचारणारे रोज भेटतात. नसेल ना, असं विचारणारा हा पहिलाच! मी त्यांना जुन्नरच्या डोंगरांमधली, एका टेकडीच्या पायथ्याची जागा दिली.

इकबालभाई सांगत होते, पोचल्यावर मुलगी फुगून बसली. बाप तिच्याकडे बघायचा, घसा खाकरायचा आणि हवापाण्यावर बोलायचा. "इथे गार आहे, नाही?" ती म्हणायची, "हं." नेटवर्क नव्हतं, पण बोलायला सुचेना दोघांनाही. शेवटी बाप म्हणाला, "टेकडी चढतेस?" ती गेली, बहुतेक कंटाळूनच.

दोघं उतरले ते ऊन कलल्यावर. खिदळत! बापाच्या चपलेचा अंगठा तुटलेला, मुलीने त्याचा हात धरलेला. ती इकबालभाईंना म्हणाली, "काका, वर मस्त नेटवर्क मिळालं!"

रात्रीच्या मुक्कामावरून इकबालभाईंचा मला फोन आला. आवाज जरा वेगळा होता.

"मॅडम, एक सांगायचं होतं. दोघांचे मोबाईल तर दिवसभर गाडीतच पडले होते."

*

आणि हा पाटणकर सरांचा. हा ऐकल्याशिवाय आमच्याकडून कोणाला चहा मिळत नाही.

सर रिटायर्ड, किल्ल्यांचं वेड. ऑफिसात आले तेच स्वतः आखलेला मार्ग घेऊन. सगळे किल्ले. "मॅडम, थांबे माझे ठरलेत. तुम्ही फक्त पार्किंग सांगा." शेजारी सुमनकाकू शांत बसल्या होत्या. मी विचारलं, "काकू, तुम्हाला काय बघायचंय?"

उत्तर सरांनी दिलं. "तिचे गुडघे दुखतात. ती खाली गाडीत बसेल. तिला सवय आहे."

काकू खिडकीतून बाहेर उभ्या असलेल्या आमच्या गाडीकडे बघत राहिल्या. मला वाईट वाटलं. मी इकबालभाईंना बाजूला घेऊन सांगितलं, "काकूंना सांभाळा. दिवसभर एकट्या बसणार त्या."

ट्रिप सुरू झाली. पहिल्या संध्याकाळी मी फोन केला. "काकू कंटाळल्या नाहीत ना?"

"बिलकुल नाही," इकबालभाई म्हणाले. "काकूंना टाइमच नाही!"

दुसऱ्या दिवशी तेच. "काकू काय करतायत?" "मजेत आहेत." जास्त काही सांगेनात. तिसऱ्या दिवशी गजाननशेठ माझ्या टेबलाशी आले. "मेधा, गाडी दिवसभर किल्ल्याखाली उभीच हाय ना? मंग डिझेल एवढं कुटं जातंय?" मी म्हटलं, एसी चालू ठेवत असतील.

शेवटचा किल्ला साताऱ्याकडचा. पायथ्याशी मोठा मोकळा माळ, एका कडेला एकच वडाचं झाड. सर सकाळी चढले. सगळे बुरूज बघून, घामाने निथळत दुपारी खाली उतरले. बघतात तर गाडी नाही! वडाखाली इकबालभाई एकटेच धोंड्यावर बसून शेंगा सोलत होते.

सरांचा चेहरा उतरला. त्यांनी बॅग तिथेच टाकली आणि धावतच आले. "इकबालभाई! गाडी कुठाय? आणि सुमन? सुमन कुठे आहे?"

इकबालभाईंनी शेंग तोंडात टाकली आणि माळाच्या पलीकडे बोट दाखवलं.

तिकडून धुळीचा लोट उठला होता. लोटाच्या पुढे आमची घरगाडी. माळाला मोठा वळसा घालून ती आली, झाडाच्या अलीकडे गिअर उतरला, वेग कमी झाला आणि सरांच्या पुढ्यात येऊन ती थांबली. धक्का नाही, काही नाही! सर तोंड उघडं ठेवून उभे.

ड्रायव्हरच्या बाजूची काच खाली आली. पदर खोचलेला, कपाळावर इकबालभाईंचा गॉगल. सुमनकाकूंनी एक कोपर खिडकीबाहेर काढलं आणि हॉर्न दिला.

"अहो, बघत काय उभे राहिलात? बाजूला व्हा, मला रिव्हर्स घ्यायचाय!"